नागपूर जिल्ह्यातली गारपीट: वावर, गोठा, छप्पर आणि कागद कसे सांभाळायचे

नागपूर जिल्ह्यात गारपिटीचा धोका जास्त असतो तो जानेवारी ते एप्रिल या काळात, आणि नेमकं तेव्हाच वावरात सगळं उघडं पडलेलं असतं. गहू ओंबीवर, हरभरा सोंगणीला, मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला) संत्रा झाडावर रंग धरलेला, आंबियाचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराचा) फुलोरा नाहीतर ज्वारीएवढी फळं, आणि भिवापूरकडे मिरची वाळवणाला. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात गारा पडल्या, तेव्हाही हेच चित्र होतं. त्या गारपिटीचं वैशिष्ट्य म्हणजे ती एकदा येऊन गेली नाही. दोन-अडीच आठवडे ठिकठिकाणी फिरून फिरून आली. पहिल्या फटक्यानंतर सोंगून ठेवलेला माल काही ठिकाणी दुसऱ्या फटक्यात भिजला. म्हणून खाली जे सांगितलं आहे ते एकदाच करून सोडून द्यायचं नाही. एकदा गार पडली की पुढचे पंधरा दिवस ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकायची नाही.

गार माणूसही मारते, हे आपल्याकडे थोडं विसरायला होतं. जगात एका गारपिटीत सर्वांत जास्त माणसं गेल्याची नोंद भारतातलीच आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ २४६ माणसं मेली. गारा संत्र्याएवढ्या आणि क्रिकेटच्या चेंडूएवढ्या होत्या, असं त्या नोंदीत लिहिलं आहे. दहा रुपयांच्या नाण्याएवढी गार, म्हणजे २७ मिलिमीटरची, जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात असतो.

आधी कळतं का?

जिल्ह्यापुरतं दोन-तीन दिवस आधी कळतं, गावापुरतं तास-दोन तास आधी. उत्तरेकडून पश्चिमी प्रक्षोभाची (भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीची) थंड कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा विदर्भावर एकमेकांना भिडली की ढग उंच चढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवा शून्य अंशाला येते ती, मे महिन्याच्या मानाने खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमीन गाठते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने ‘वादळी वाऱ्यासह गारपीट’ असा नारिंगी इशारा दिला की त्याच दिवशी तयारीला लागायचं. पिवळ्या इशाऱ्यालाही ‘गारपीट’ शब्द आहे का ते वाचायचं, नुसता रंग पाहायचा नाही.

त्या दिवशी दुपारपासून हवामान खात्याच्या संकेतस्थळावर नागपूर रडारचं चित्र उघडून ठेवावं. त्यात रंगाशेजारी डीबीझेडची, म्हणजे ढगातून परतणाऱ्या रडार लहरींच्या जोराची, पट्टी असते. ५५ च्या वरचा रंग, म्हणजे गडद लाल ते जांभळा, ज्या ढगात दिसतो त्यात गार असण्याची शक्यता बरीच. या दिवसांतले ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. पश्चिमेला वरुड-मोर्शीकडे लाल ठिपका दिसला तर नरखेड-काटोलवाल्यांनी ढोरं आत घ्यायला सुरुवात करावी, कळमेश्वर-सावनेरवाल्यांनी ताडपत्री काढावी. विजेसाठी ‘दामिनी’ आणि शेतीच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही दोन्ही ॲप घरातल्या कोणाच्या तरी फोनवर असू द्या. मात्र सगळी भिस्त फोनवर ठेवू नका. वादळात टॉवर आधी जातो.

इशारा मिळाल्यावरचा दिवस

सोंगलेला माल आधी. हरभरा किंवा गहू कापून वावरात पसरलेला असेल तर गोळा करून गंजी लावा. गंजी उंचवट्यावर, खाली दगड-लाकडं टाकून जमिनीपासून वीतभर वर. वरून ताडपत्री टाकून कडा दोरीने खुंट्यांना बांधायच्या. नुसते दगड ठेवले तर वाऱ्याने ताडपत्री उडते आणि माल उघडाच्या उघडा राहतो. ताडपत्री गंजीच्या बुडापर्यंत आणू नका, खाली हातभर जागा सोडा. पूर्ण गुंडाळलेली गंजी आत तापते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच उघडायची.

झाडावरचा मृग बहाराचा संत्रा तोडणीला आला असेल तर इशाऱ्याच्या दिवशी निम्मा तरी तोडून घ्यायचा की थांबायचं, हा ज्याचा त्याचा सौदा आहे. घाईने कळमन्याच्या बाजारात नेलेल्या मालाला भाव कमी मिळतो हे खरं. पण फळ पूर्ण रंगलं असेल आणि व्यापाऱ्याचा फक्त तोडणीचा दिवस ठरायचा राहिला असेल तर वाट पाहण्यात फायदा थोडा आणि जोखीम मोठी. बाग व्यापाऱ्याला आधीच विकली असेल तर गारपिटीचं नुकसान कोणाचं, हे सौद्याच्या वेळीच कागदावर लिहून घ्या. तोंडी सौद्यात इसार घेतलेला बागायतदार आणि पळ काढलेला व्यापारी, हे भांडण गारपिटीनंतर गावोगाव दिसतं.

संत्र्याच्या आणि मिरचीच्या रोपवाटिकेवर ५० टक्क्यांची शेडनेट ताणून बांधली तर लहान गार अडते. नेट सैल ठेवली तर तिच्यात गारांचा ढीग साचतो आणि वजनाने बांबूसकट खाली येते, म्हणून उतार द्यायचा. पूर्ण बागेवर गाररोधक जाळी हिमाचलच्या सफरचंदात वापरतात. आपल्याकडच्या सहा-सहा मीटरवर लावलेल्या उंच संत्रा झाडांना तिचा खर्च परवडत नाही. आणि आवाजाच्या तोफा लावून गार फोडायचा सल्ला कोणी दिला तर पैसे घालू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक हवामान संघटनेनेच सांगून ठेवलं आहे.

छपराकडे एकदा नजर टाका. कवेलू आणि सिमेंटचे पत्रे गारेने फुटतात. टिनाला पोचे पडतात, पण तो बहुधा वाचतो. टिनाचा खरा शत्रू गारेआधीचा वारा. हुकांचे नट ढिले असतील तर आवळा, नुसत्या दगडांवर तोललेला टिन तारेने वाशाला बांधा. कवेलूच्या घरात बियाणं, कागद आणि गाद्या ज्या कोपऱ्यात असतील तिथे आतून ताडपत्री बांधून ठेवली तर रात्र निभते.

गारा पडत असताना

वावरात असाल तर पक्कं छप्पर गाठा. ते लांब असेल तर डोकं आणि मान झाका. घमेलं, टोपलं, संत्र्याचं कॅरेट, जाड पोत्याची चार पदरी घडी, जे हाती येईल ते. दुचाकीवर असाल तर थांबा आणि हेल्मेट काढू नका. झाडाखाली जायचं नाही, मग ते आंब्याचं असो की बाभळीचं. गार आणि वीज एकाच ढगातून येतात. सिमेंट पत्र्याच्या गोठ्यात उभं राहायची वेळ आली तर भिंतीला लागून राहा, पत्रा मधोमध फुटतो. चारचाकीत काचेकडे पाठ करून डोळे झाकून बसा.

मेंढ्या-बकऱ्या चरायला गेलेल्या असतील तर त्यांना आणायला गारांत पळू नका. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, पण गारा बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरतात.

पहिला तास

तुटलेली तार दिसली की तिच्यात वीज आहे असंच धरून चाला. महावितरणला १९१२ वर कळवा आणि पोरांना-ढोरांना तिकडे जाऊ देऊ नका. डोक्याला मार लागून उलटी होत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर १०८ बोलवा, घरी झोपवून ठेवू नका.

सौर पंपाची काच तडकली असेल तर हात लावू नका. ऊन असेपर्यंत फुटलेल्या पॅनलमध्येही वीज असते आणि ओल्या चौकटीतून झटका बसतो. आधी कंट्रोलरचा स्विच बंद करा, मग लांबून फोटो काढा, मग पुरवठादार कंपनीला लेखी कळवा. सरकारी योजनेतल्या सौर पंपाला साधारण पाच वर्षांची दुरुस्ती-हमी आणि विमा असतो. तो कागद आजच शोधून ठेवा. चांगल्या पॅनलची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्याने घेतलेली असते, त्यामुळे बोराएवढ्या गारेने बहुधा काही होत नाही. लिंबाएवढी पडली तर मात्र प्रत्येक पॅनल तपासा.

जनावरं भिजून गारठलेली असतात. गोणपाटाने खसखसून पुसा, कोरड्या जागी आडोशाला बांधा, कोमट गूळपाणी द्या. लहान वासरं आणि करडं आधी, कारण ती थंडीने झपाट्याने ढासळतात. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा. गडद जांभळं पाणी जखम जाळतं. मग माशा बसू नयेत म्हणून मलम किंवा फवारा. शिंग मोडून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून बांधा. हळद-चुना किंवा राख भरू नका, आत पू धरतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२.

जनावर दगावलं तर पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला होईपर्यंत पुरायचं नाही, आणि कानातला बारा अंकी बिल्ला काढायचा नाही. बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. उन्हाने वास सुटायच्या आत माणूस येणार नसेल तर सरपंच आणि दोन पंचांच्या सह्यांचा कागद करा, तलाठ्याला फोनवर कळवून त्या वेळेची नोंद ठेवा आणि मग विहिरीपासून लांब, सहा फूट खोल खड्ड्यात चुना-मीठ घालून पुरा.

पुरावा, आवरायच्या आधी

इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि ते गारेने होत नाही. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे सगळं झोपलेलं आणि पलीकडे फक्त चार थेंब, असं होतं. महसूल मंडळातलं पर्जन्यमापक तुमच्या शिवारापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल तर त्याच्यात काहीच दिसत नाही. आणि गार वितळते. संध्याकाळी पडलेल्या गारेचा सकाळी मागमूस राहत नाही.

म्हणून गारा जमिनीवर असतानाच एका ताटात दहा-बारा उचला, शेजारी दहा रुपयांचं नाणं किंवा पट्टी ठेवा आणि फोटो काढा. शक्य असेल तर चार गारा पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात टाका. मग तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापून येणाऱ्या कॅमेरा ॲपने वावराचे फोटो. चार कोपऱ्यांतून चार, मध्यातून एक, आणि प्रत्येक गटाची ओळख पटेल अशी एखादी खूण (विहीर, गटाचा दगड, डीपी) चौकटीत येईल असे दोन. नुसता मोडक्या रोपाचा जवळून काढलेला फोटो कोणाच्याही वावरातला असू शकतो.

नंतर मोजणी. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. पंचनाम्याला आलेला माणूस नजरेने ‘पंचवीस टक्के’ लिहून गेला तर तुमच्या हातात आकडा हवा. गहू-हरभऱ्यात आडवं-तिडवं चालत दहा ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन टाका, त्यात उभी किती आणि मोडलेली किती ते मोजा. चौकोन धुऱ्यालगत टाकू नका. संत्र्यात पाच-सहा ओळींतून मिळून दहा झाडं निवडा, त्यांना दोरी बांधून नंबर द्या. प्रत्येक झाडाखाली पडलेली फळं, झाडावरची मार लागलेली फळं आणि झाडावरची चांगली फळं अशी तीन खाती. समजा १४० खाली पडली, ९० वर जखमी, १७० चांगली. एकूण ४००, त्यातली २३० गेली, म्हणजे साडेसत्तावन टक्के. फक्त पडलेली मोजली असती तर तेच नुकसान ३५ टक्के भरतं, आणि झाडाझाडाला थोडा फरक पडला की ३३ च्या खाली जातं.

दुसरी अडचण अशी की संत्र्याचं नुकसान दोन दिवसांत पूर्ण दिसतच नाही. सालीला बसलेला मार आधी फिकट ठिपक्यासारखा असतो. चार-पाच दिवसांत तिथे हिरवी-निळी बुरशी येते आणि फळ देठातून सुटतं. आंबियाची बारीक फळं तर पंधरा दिवस गळत राहतात. त्या नंबर दिलेल्या दहा झाडांची मोजणी सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा करा, तेच झाड, त्याच कोनातून फोटो. आकडा वाढला असेल तर फेरपाहणीसाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या.

पहिले तीन दिवस वावरात

पाणी काढणं सर्वांत आधी. काळ्या भारी जमिनीत संत्र्याच्या आळ्यात दोन-तीन दिवस पाणी साचलं तर मुळं गुदमरतात आणि फायटोफ्थोराला, म्हणजे डिंक्या-मूळकुजीला, रान मोकळं मिळतं. आळी फोडा आणि दोन ओळींमध्ये उताराकडे हातभर खोल चर काढा. खोडाला टेकलेली माती आणि गारांचा ढीग बाजूला करा. ट्रॅक्टर आत घालू नका, ओली काळी जमीन दाबली गेली की ती पावसाळ्यापर्यंत मोकळी होत नाही.

खाली पडलेली फळं वेचून बागेबाहेर खड्ड्यात पुरा. ती झाडाखाली ठेवली तर दोन गोष्टी होतात: बुरशीचे बीजाणू वर चढतात आणि रस शोषणाऱ्या पतंगांना-माशांना वस्तीला जागा मिळते. मृगाचा जो माल नुसता खरचटलेला आहे तो रसासाठी लगेच विका, आणि चांगल्या मालाच्या कॅरेटमध्ये त्यातलं एकही फळ जाऊ देऊ नका. बुरशी धरलेलं एक फळ वाटेतच शेजारच्या दहांना लागतं.

फवारणी जखमा भरायच्या आत, पाऊस थांबल्यावर ४८ तासांच्या आत. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम. किंवा एक टक्का बोर्डो मिश्रण. त्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात विरघळवा, दुसऱ्या ड्रममध्ये १ किलो कळीचा चुना भिजवून-गाळून ५० लिटर करा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत काठीने ढवळा. लोखंडी भांडं चालत नाही. मिश्रणात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, थोडी चुन्याची निवळी वाढवा, नाहीतर पानं जळतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. बाग ऐन फुलोऱ्यात असेल तर बोर्डो टाळा.

फांद्यांच्या बाबतीत घाई नको. लोंबकळणाऱ्या आणि चिरफाळलेल्या फांद्या धारदार करवतीने मागच्या चांगल्या लाकडापर्यंत तिरप्या कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). ज्यांची फक्त साल सोलली गेली आहे त्या फांद्या तशाच ठेवा. तीन-चार आठवड्यांनी फूट कुठून येते ते दिसतं, तेव्हा सल, म्हणजे वाळलेलं लाकूड, काढता येते. पहिल्याच दिवशी सगळं छाटून बाग ‘स्वच्छ’ करणारा आपल्याच हाताने पुढच्या वर्षाचं लाकूड तोडतो.

गव्हाचं गणित वेगळं. दुधावरचा गहू लोळला तर त्याला पाणी देऊ नका, काही भाग आपोआप उठतो. पिकलेला लोळला असेल तर वाफसा येताच सोंगा. ओंबी ओल्या जमिनीला टेकून राहिली की दाणा काळा पडतो, नाहीतर कोंब फुटतात. हार्वेस्टरवाला लोळलेल्या गव्हाला जास्त पैसे मागतो आणि तरीही बराच दाणा सांडतो, म्हणून मजूर मिळत असतील तर विळ्यानेच. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे सांडले असतील तर राहिलेलं पीक सकाळी दव असताना सोंगा, म्हणजे आणखी फुटत नाही. भिजलेली गंजी रोज उलथी-पालथी करा. हमीभावाच्या खरेदीत हरभऱ्याला १४ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत खळ्यावरच वाळवा.

मिरचीचं वाळवण भिजलं असेल तर ढीग मारून झाकून ठेवू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, फुटलेल्या आणि डागाळलेल्या मिरच्या त्याच दिवशी वेगळ्या करा. ओल्या ढिगात एका रात्रीत बुरशी धरते आणि मग अख्ख्या मालाचा रंग जातो. टमाटे, वांगी, कोबीवर्गीय भाज्यांत शेंडा शाबूत असेल तरच पीक ठेवा. शेंडे मोडून नुसते दांडे उरले असतील तर पंचनाम्यानंतर मोडून घ्या.

कागदाची वाट

दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत: सरकारी मदत आणि विमा.

सरकारी मदतीसाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. या पदांची नावं अलीकडे बदलली आहेत, पण गावात अजून जुनीच चालतात. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून करायच्या पीकपेऱ्याची) नोंद नसेल तर तुमच्या वावरात संत्रा होता हेच कागदावर सिद्ध होत नाही, म्हणून ही नोंद गारपीट व्हायच्या आधी, हंगामात केलेली हवी. पंचनाम्यावर सही करताना गट क्रमांक, पिकाचं नाव, बाधित क्षेत्र आणि टक्केवारी ही चार घरं भरलेली आहेत ना ते पाहा. कोऱ्या घरावर सही करू नका. पंचनाम्याचा फोटो काढून घ्या.

केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार दोन हेक्टरच्या मर्यादेत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये ठरवले होते. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, बकरी-मेंढीला ४,०००. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी दर आणि क्षेत्रमर्यादा वाढवतं, कधी पुन्हा खाली आणतं. त्या घटनेसाठी निघालेला शासन निर्णय वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर हिशोब मांडू नका. विहिरीवरून पाणी देत असाल आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर तुमचं बागायती पीक कोरडवाहूत जातं आणि रक्कम निम्मी होते.

मदतीची यादी लागल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो. लागत असेल तर तो घेऊन आपले सरकार केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं. पैसा आधार जोडलेल्या खात्यात पडतो, तुम्ही दिलेल्या पासबुकात पडेलच असं नाही. वडिलांच्या नावावरचा सातबारा, वारस नोंद न झालेली, सामाईक खातं, इथे गाडी अडते. सामाईक खात्यात बाकीच्यांचं संमतिपत्र आधीच करून ठेवा.

विम्याचं मात्र जपून. पूर्वी पीक विम्यात ‘स्थानिक आपत्ती’ खाली गारपिटीचं वैयक्तिक नुकसान ७२ तासांत कळवलं की पाहणी होत असे. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून योजना बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या (काही निवडक वावरांत पीक कापून-मोजून काढलेल्या) मंडळाच्या उत्पादनावर नेली. अरुंद पट्ट्यात पडलेल्या गारेचं नुकसान मंडळाच्या सरासरीत बुडून जातं. त्यामुळे विमा काढतानाच त्या हंगामाच्या शासन निर्णयात स्थानिक आपत्ती आहे की नाही ते पाहा. फळपीक विमा वेगळा आहे. तो हवामानावर चालतो आणि त्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याने तो पर्याय न निवडता पावती दिली तर गारपिटीनंतर काही हाती लागत नाही. पावतीवर ते शब्द छापलेले आहेत का ते केंद्रातून बाहेर पडायच्या आधी वाचा. नुकसान झाल्यावर १४४४७ वर किंवा पीक विमा ॲपवर ७२ तासांच्या आत कळवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक फोटोसकट जपा.

पुढचे दोन महिने बागेत

पानं झडलेल्या झाडाला एप्रिल-मेचं नागपुरी ऊन थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर बसतं. साल भाजून तडकते आणि तिथून डिंक्या शिरतो. खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम, आणि वर उघड्या पडलेल्या पश्चिमेकडच्या फांद्यांना चुन्याचा हात द्या. डिंक आधीच वाहत असेल तर चाकूने कुजकी साल खरवडून मेटॅलॅक्झिल-एम आणि मँकोझेबच्या मिश्रणाचं द्रावण (लिटरला २.५ ग्रॅम) लावा.

तांब्याच्या फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी, उरलेल्या आंबियाची गळ रोखायला १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम जिबरेलिक ॲसिड आणि १ किलो युरिया. जिबरेलिक पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. ते बोर्डोत मिसळू नका. जमिनीतून युरियाचा मोठा डोस देण्याचा मोह आवरा. मुळं अजून सावरलेली नसतात, आणि जोरात आलेल्या कोवळ्या फुटीवर सिट्रस सिला (रस शोषणारी कीड) आणि पानं पोखरणारी अळी तुटून पडते. फूट बोटभर झाली की आठवड्यातून दोनदा शेंडे उलटून पाहा.

मे महिन्यात मृग बहारासाठी बाग ताणावर सोडायची, म्हणजे तिचं पाणी तोडायचं, की नाही, हे झाडाकडे पाहून ठरवा. निम्म्याहून जास्त पानं झडली असतील आणि नवी फूट अजून कोवळीच असेल तर त्या झाडांना ताण देऊ नका, पाणी चालू ठेवा. एकाच बागेत पट्टा अर्धाच लागला असेल तर ठिबकच्या व्हॉल्व्हनुसार ओळी वेगळ्या करून फक्त धडधाकट झाडांचं पाणी तोडता येतं. झोडपलेल्या झाडावर ताणाच्या जोरावर फुलं येतात, कधी कधी भरभरून येतात. पण त्यांना पोसायला पान नसतं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात.